खेळ संपतो, गुडघा उरतो

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पेले येतो, मॅराडोना येतो, फार तर बेकहॅम येतो. इंग्लंडमधला फुटबॉलपटू म्हणजे कोट्यधीशच असणार, असाही एक समज आपल्याकडे आहे. वस्तुस्थिती तशी नाही. तिथल्या सर्वांत वरच्या प्रीमियर लीगमध्ये अवघे २० संघ असतात. त्याखाली तीन पायऱ्यांवर मिळून ७२ संघ, आणि त्यांच्याही खाली लहानमोठ्या गावांचे शेकडो संघ. या खालच्या पायऱ्यांवरचा खेळाडू वर्ष-दोन वर्षांच्या करारावर खेळतो. करार जूनअखेर संपतो. त्याआधी मे महिन्यात क्लब यादी काढतो. कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे. तिशी उलटलेल्या, दुखऱ्या गुडघ्याच्या खेळाडूचे नाव कोणत्या बाजूला असेल हे सांगायला ज्योतिषी नको. पाठीमागे संसार, घराचे हप्ते आणि सोळाव्या वर्षापासून शिकलेली एकच विद्या. मग तो प्रशिक्षक व्हायला बघतो.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे की, खेळाडूचा प्रशिक्षक होण्याचा क्षण बहुतेक वेळा क्लबच्या कचेरीत ठरत नाही, तो डॉक्टरांच्या टेबलावर ठरतो. आणि त्यानंतर त्या शरीरात व मनात जे काही घडते, ते अंगमेहनत सोडून खुर्चीवर बसणाऱ्या कोणालाही लागू आहे. मग तो तालमीतला वस्ताद असो की कबड्डीच्या मैदानावरून नोकरीत गेलेला गडी.

एडी हाऊ हे नाव फुटबॉल पाहणाऱ्यांना ठाऊक असेल. न्यूकॅसल संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याने १६ मार्च २०२५ रोजी लिव्हरपूलला २-१ असे हरवून लीग कप जिंकला. त्या संघाला इंग्लंडमधली मोठी ट्रॉफी तब्बल ७० वर्षांनी मिळाली. पण मला त्याच्या कर्तबगारीइतकेच त्याच्या गुडघ्याचे कुतूहल आहे. हाऊचा जन्म १९७७ चा. दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथ या खालच्या विभागातल्या संघात तो बचावपटू म्हणून वाढला. २००२ च्या मार्च महिन्यात पोर्ट्समथ या वरच्या विभागातल्या संघाने त्याला ४ लाख पौंडांना घेतले. वय २४. आयुष्यात प्रथमच एक पायरी वर चढलेला हा तरुण पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बसला. उपचार झाले, विश्रांती झाली, पुढच्या हंगामाच्या सलामीला तो पुन्हा उतरला आणि नऊ मिनिटांत बाहेर आला. पोर्ट्समथसाठी त्याचे सामने झाले एकूण दोन.

पुढे २००४ मध्ये तो बोर्नमथला परतला. क्लबच्या तिजोरीत खडखडाट होता, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी गावच्या प्रेक्षकांनी थोड्याच दिवसांत सुमारे २१ हजार पौंड वर्गणी जमवली. अशी माया खालच्या विभागातच दिसते. पण मायेने कूर्चा भरून येत नाही. २००६ च्या डिसेंबरात त्याच्याकडे राखीव संघाला शिकवण्याचे काम आले, आणि २००७ मध्ये वयाच्या २९व्या वर्षी त्याने खेळणे कायमचे थांबवले. २००८ च्या ३१ डिसेंबरला त्याला मुख्य संघाची तात्पुरती जबाबदारी मिळाली. त्या हंगामात क्लबच्या आर्थिक घोळापायी संघाचे १७ गुण आधीच कापलेले होते. संघ लीगमधून बाहेर पडण्याच्या बेतात होता. हाऊ होता ३१ वर्षांचा, लीगमधला सर्वांत तरुण प्रशिक्षक. संघ वाचला, पुढच्या वर्षी वर चढला, आणि २०१५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोहोचला.

आता त्या गुडघ्याकडे वळू. आपला गुडघा हा दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे असे शाळेत शिकवतात. ते अर्धेच खरे. बिजागरी फक्त उघडते व मिटते; गुडघा थोडा वळतोही, आणि सगळी गडबड तिथेच होते. मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. सांध्याच्या आत फुलीसारख्या दोन मजबूत दोऱ्या, म्हणजे क्रुसिएट लिगामेंट, आणि दोन्ही बाजूंना आणखी एकेक. बुटाचे खिळे गवतात रुतलेले, पाऊल जागच्या जागी आणि वरचे शरीर मात्र गर्रकन वळलेले. या एका क्षणात दोरी तुटते, गादी फाटते, कधी वाटी जागची सरकते. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे कातडीची जखम भरते तशी कूर्चेची जखम भरत नाही. एकदा गेलेला थर पूर्वीसारखा परत येत नाही. औषधाने नाही, तेलाने नाही आणि जाहिरातीतल्या डब्यानेही नाही.

हाऊच्या चाळीस वर्षे आधी हीच कथा ब्रायन क्लफ याच्या बाबतीत घडली होती. क्लफ हा सुंदरलँडचा गोल करणारा हुकमी एक्का. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. २६ डिसेंबर १९६२ रोजी गोठलेल्या मैदानावर बरी संघाच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि गुडघ्याच्या दोऱ्या तुटल्या. वय २७. त्या काळी दुर्बिणीतून गुडघ्याचे ऑपरेशन नव्हते, एमआरआय नव्हता. पाय प्लास्टरमध्ये घालायचा आणि वाट पाहायची. प्लास्टरमधून निघालेली मांडी काठीसारखी बारीक झालेली असे. १९६४ मध्ये तो तीन सामने कसाबसा खेळला आणि संपला. क्लबने त्याला तरुण मुलांना शिकवायला लावले. आपल्याला शिकवता येते हे त्याला तिथे कळले. १९६५ च्या ऑक्टोबरात, तिसाव्या वर्षी, तो हार्टलपूल्स या चौथ्या विभागातल्या तळाच्या संघाचा व्यवस्थापक झाला. पुढे डर्बीला १९७२ मध्ये आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७८ मध्ये त्याने लीग विजेते केले, आणि १९७९ व १९८० असे लागोपाठ दोनदा युरोपियन कप जिंकला.

आज तीच दोरी तुटली तर मांडीच्या मागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधातून पट्टी काढून नवी दोरी बसवतात. नऊ महिने ते एक वर्ष कसून व्यायाम केला तर खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो. गादीच्या बाबतीत तर विचारच उलटा झाला आहे. पूर्वी फाटलेली गादी सरसकट काढून टाकत. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे एक्स-रेवर झीज दिसू लागते हे फेअरबँक या इंग्रज शल्यविशारदाने १९४८ मध्येच लिहून ठेवले होते, तरी ती पद्धत कितीतरी वर्षे चालू राहिली. आता शक्य तिथे शिवतात, नाहीच जमले तर फाटका तुकडा तेवढा काढतात. मात्र एक गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगायला हवी. नवी दोरी गुडघ्याला स्थिर करते. पुढची झीज ती पूर्णपणे टाळत नाही.

ही झीज किती? नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी १२०७ निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू व ४०८५ सर्वसामान्य पुरुष यांची तुलना केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वसामान्यांपैकी २७ टक्क्यांचे गुडघे दुखत होते, खेळाडूंपैकी ५२ टक्क्यांचे. एक्स-रेवर संधिवाताची झीज दिसली ती अनुक्रमे ३५ व ६४ टक्क्यांत. गुडघा बदलण्याचे ऑपरेशन झालेले सर्वसामान्यांत ४ टक्क्यांहून थोडे कमी, आणि खेळाडूंत ११ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. हे आकडे वाचून मुलांना खेळू देऊ नये असा अर्थ कृपा करून काढू नका. धोका मुख्यतः दुखापतीचा आहे आणि त्याहून अधिक, दुखापत दडवून खेळण्याचा. वर्षाच्या करारावर खेळणारा माणूस दुखणे दडवतो, कारण बाकावर बसलेल्याचे नाव मे महिन्याच्या यादीत कुठे जाते हे त्याने पाहिलेले असते. वेदनाशामक गोळी घ्यायची, सुजलेल्या सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि शनिवारी मैदानात उतरायचे. वेदना हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून घरात शिरणाऱ्याला काय म्हणतात ते वाचकांना माहीत आहे.

शिट्टी हातात आल्यावर

खेळाडू एका सामन्यात १० ते ११ किलोमीटर धावतो, शिवाय आठवडाभर सराव. त्या भट्टीला इंधन लागते, आणि इतक्या वर्षांत पोटाला व जिभेला तेवढ्या ताटाची सवय झालेली असते. प्रशिक्षक झाल्यावर तो सरावाच्या वेळी उभा असतो, सामन्याच्या वेळी बाकावर बसतो आणि उरलेला वेळ गाडीत व कागदपत्रांत जातो. खालच्या विभागात तर दुसऱ्या संघाचे खेळाडू पाहण्यासाठी रात्री-अपरात्री शेकडो मैल गाडी हाकायची आणि वाटेत मिळेल ते खायचे. ताट तेच राहते, धावणे थांबते. आपल्याकडे जोर-बैठका सुटलेल्या पण खुराक न सुटलेल्या पैलवानाचे जे होते तेच इथे होते. लोक म्हणतात, स्नायूंची चरबी झाली. तसे होत नसते. स्नायू वेगळा, चरबी वेगळी. न वापरल्याने स्नायू आटतो आणि न जाळलेल्या अन्नाची चरबी साठते. दोन्ही एकाच वेळी घडते म्हणून तसे भासते. आटलेली मांडी आणि वाढलेले पोट यांच्या मधोमध तो आधीच झिजलेला गुडघा सापडतो. वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असे अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजून पाहिले आहे. उलट हिशेब वाचकांनीच करावा.

आणि मग ताण. खेळाडूला राग आला तर तो धावून काढतो. प्रशिक्षकाला नव्वद मिनिटे रेषेबाहेर उभे राहून आतल्या आत जळावे लागते. जॉक स्टीन हा स्कॉटलंडचा थोर प्रशिक्षक. कोळसा खाणीत काम केलेला, घोट्याच्या दुखापतीने खेळ थांबल्यावर राखीव संघाला शिकवू लागलेला. १० सप्टेंबर १९८५ रोजी कार्डिफ येथे वेल्सविरुद्धचा सामना संपता संपता तो कोसळला आणि तिथेच त्याचा अंत झाला. १९९९ च्या मार्चमध्ये विम्बल्डन संघाच्या जो किनियरला सामन्याआधी हृदयविकाराचा झटका आला. २००१ मध्ये लिव्हरपूलच्या जेरार हुलिएला मध्यंतरात छातीत दुखू लागले. महारोहिणी फाटली होती, ११ तास शस्त्रक्रिया चालली व तो वाचला. निव्वळ ताणामुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही; रक्तदाब, तंबाखू, कोलेस्टेरॉल, आनुवंशिकता सगळे असते. पण इंग्लंडमधल्या व्यवस्थापकांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या हृदयतपासणीची योजना सुरू केली ती काही हौसेने नव्हे.

ताणावर कोणी व्यायामाने मात करतो, कोणी बाटलीने. क्लफला दारूने ग्रासले. २००३ च्या जानेवारीत त्याचे यकृत बदलावे लागले आणि २००४ मध्ये, वयाच्या ६९व्या वर्षी, जठराच्या कर्करोगाने तो गेला.

हाऊबद्दलही एक नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. कप जिंकून महिनाही झाला नव्हता तोच एप्रिल २०२५ मध्ये तो रुग्णालयात दाखल झाला. काही दिवस अंगात बरे नव्हते. निदान निघाले न्यूमोनिया. वय ४७. बोर्नमथपासून सोबत असलेल्या जेसन टिंडॉलने दरम्यानच्या सामन्यांत संघ सांभाळला आणि हाऊ बरा होऊन परतला. ताप, खोकला, धाप यांवर चार-पाच दिवस दुकानातल्या गोळ्या घेत काम रेटणारे आपल्याकडेही घरोघर आहेत. ज्याचा अख्खा जन्म दुखणे दडवण्याच्या शाळेत गेला, त्याला आजारी आहोत हे कबूल करणे जास्त जड जाते, असे मला वाटते.

मनाचे काय?

सोळाव्या वर्षापासून ज्याला आठवडा म्हणजे शनिवारचा सामना एवढेच ठाऊक, त्याचा एका सोमवारी अचानक काहीच कार्यक्रम नसतो. कपडे बदलण्याच्या खोलीतली थट्टा नाही, नावाने हाका मारणारे प्रेक्षक नाहीत. लोक विचारतात, सध्या काय करता? या प्रश्नाचे उत्तर नसणे हे मोठे दुखणे आहे. खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. खेळत असलेल्या ६०७ जणांपैकी ३८ टक्के व निवृत्त २१९ जणांपैकी ३५ टक्के जणांनी नैराश्य वा चिंतेची लक्षणे सांगितली. ज्यांना कारकिर्दीत तीन किंवा अधिक गंभीर दुखापती झाल्या होत्या, त्यांच्यात मनाच्या तक्रारींची शक्यता दोन ते चार पट होती. गुडघा आणि मन या दोन खोल्या वेगळ्या नाहीत, हे यावरून ध्यानात यावे. क्लार्क कार्लाइल हा बर्नली, नॉर्थम्प्टन अशा संघांतून खेळलेला बचावपटू, खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष राहिलेला, बुद्धिमान माणूस. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला आणि २०१४ च्या डिसेंबरात त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने तो वाचला आणि पुढे आपल्या आजाराबद्दल उघडपणे बोलला. आजार हाच शब्द त्याने वापरावा व आपणही वापरावा, कारण त्यावर उपचार आहेत.

ज्यांना हा बदल मानवला त्यांच्याकडे पाहिले तर एक गोष्ट आढळते. त्यांनी शिट्टी हातात येण्यापूर्वीच दुसरी तयारी सुरू केलेली असते. ग्रॅहम पॉटर हा अनेक लहानमोठ्या संघांतून खेळलेला बचावपटू. खेळता खेळताच त्याने मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रांची पदवी घेतली. तिसाव्या वर्षी खेळ सोडला, विद्यापीठांच्या संघांना शिकवले, नेतृत्व व भावनिक बुद्धिमत्ता या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले. मग स्वीडनमधल्या ऑस्टरसुंड या चौथ्या विभागातल्या संघाला त्याने पहिल्या विभागात नेले आणि २०१७ मध्ये स्वीडिश कप मिळवून दिला. प्रशिक्षकाच्या पदविका टप्प्याटप्प्याने मिळतात. त्याला वर्षे लागतात. पंचविशीत सुरुवात केलेल्याला तिशीत त्या हाताशी असतात. हाऊलाही राखीव संघाचे काम खेळणे सुटण्याआधीच मिळाले होते. मध्ये रिकामी जागा राहिली नाही. वैद्यकाच्या दृष्टीने मला हे मोठे भाग्याचे वाटते.

आता डोक्याविषयी. डोक्याने चेंडू मारणे हा बचावपटूचा रोजचा व्यवसाय. ग्लासगो विद्यापीठाने २०१९ मध्ये ७६७६ माजी स्कॉटिश फुटबॉलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्यांपेक्षा कमी निघाले, ही खेळाची कमाई. पण मेंदूच्या झिजेच्या विकारांनी मरण्याचे प्रमाण साडेतीन पट निघाले. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात बचावपटूंचा धोका सर्वाधिक दिसला. गोलरक्षकांत मात्र वाढ दिसली नाही. त्याच वर्षापासून इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूने सरावात आठवड्याला जोरकस असे दहाच हेडर मारावेत अशी मर्यादा घालण्यात आली. प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना तर २०२० पासून सरावात हेडर शिकवूच नये अशी सूचना आहे. हे नियम पाळणे न पाळणे शेवटी प्रशिक्षकाच्या हाती. आमच्या वेळी आम्ही ओल्या चामड्याच्या चेंडूंना डोके लावत होतो, असे सांगणारा प्रशिक्षक मुलांच्या उपयोगाचा नाही. कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉल जोरात खेळला जातो, तिथल्या शिकवणाऱ्यांनी एवढे जरूर ध्यानात घ्यावे. डोक्याला मार लागून खेळाडू गोंधळलेला वाटला, तर शंकेचा फायदा खेळाला न देता त्याला बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये.

ज्यांचा खेळ सुटला आहे पण गुडघा दुखतो आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. दुखतो म्हणून चालणे सोडू नका. सांध्याला हालचालीतूनच पोषण मिळते. सपाट जागी चालणे, सायकल, पोहणे हे व्यायाम मानवतात. मांडीचा पुढचा स्नायू बळकट करणे हे सर्वांत महत्त्वाचे: खुर्चीवर ताठ बसून पाय समोर सरळ उचलायचा, मनात दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली आणायचा, असे प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सवय झाल्यावर घोट्याला अर्धा किलो वाळूची पिशवी बांधावी. खोल बैठका आणि उकिडवे बसणे दुखऱ्या गुडघ्याने टाळावे. खेळ सोडायचाच असेल तर एकदम सोडू नये. धावणे जमत नसेल तर तेवढा वेळ चालावे, आणि ताटातली भाकरी त्याच आठवड्यापासून कमी करावी. वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने मनाने घेऊ नयेत. जठराला व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तातली साखर पाहावी, खेळाडू होतो म्हणून त्यातून सुटका नाही.

मुरगळल्यानंतर गुडघा काही तासांत टम्म फुगला, मधेच अडकून सरळ होईनासा झाला किंवा जिना उतरताना दगा देऊ लागला, तर मालिश करून घेऊ नये, ओढून-ताणून बसवून घेऊ नये. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, पट्टा बांधावा, पाय उंच ठेवावा आणि त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. शिवण्याजोगी फाटलेली गादी लवकर दाखवली तर वाचते. दोन-तीन महिने तिच्यावर चालत राहिल्यावर शिवायला बहुधा काही उरत नाही.